निनावी स्पोर्ट्स कारची ओळख पटवताना : हेराल्डच्या चासीवरील एका गाडीचे प्रकरण

या प्रकरणातील गाडी दोन आसनांची, उघड्या छताची, फायबरग्लासच्या बॉडीची आणि कोणत्याही कंपनीचे नाव नसलेली आहे. ब्रिटनमधील तिच्या सध्याच्या मालकाला ती एका नातेवाइकाच्या मालमत्तेतून मिळाली. सोबत नोंदणीचे कागद होते, त्यांवर ‘ट्रायम्फ हेराल्ड, दोन दारी सलून’ असे लिहिलेले होते. शिवाय एक कुटुंबकथा होती, ती अशी की ही गाडी म्हणजे कॉव्हेंट्रीच्या ट्रायम्फ कारखान्यात तयार झालेला, पण कधीच उत्पादनात न गेलेला एक नमुना आहे. समोर उभी असलेली गाडी मात्र सलून, म्हणजे बंद छताची गाडी, नक्कीच नव्हती, आणि कथेला पुष्टी देणारा एकही कागद नव्हता. कागद आणि कथा यांपैकी खरे काय, आणि दोन्ही अर्धवट खरी असतील तर या गाडीला म्हणायचे तरी काय, एवढाच प्रश्न होता.

घरगुती बनावटीच्या गाड्यांमागे ‘कारखान्याचा गुप्त नमुना’ ही कथा इतक्या वेळा ऐकू येते की ती ऐकून घ्यावी आणि बाजूला ठेवावी हे उत्तम. तसेच बनवणाऱ्याने लोकांनी पाहावेत म्हणून जे भाग निवडून बसवले, ते साक्षीदार म्हणून सहसा कुचकामी असतात. या गाडीच्या नाकावर एक बिल्ला होता, तारांची चाके होती, लाकडी कडीचे स्टीअरिंग होते, मागे सुटे भाग बनवणाऱ्या लुकासचे गोल दिवे आणि डॅशबोर्डवर स्मिथ्सचे मीटर होते. यांतली प्रत्येक वस्तू त्या काळी दुकानात मिळत असे आणि डझनभर वेगवेगळ्या गाड्यांवर दिसत असे. बनवणाऱ्याला ज्या भागांचे काही सोयरसुतक नव्हते, जे कोणी पाहणार नाही असे गृहीत धरून त्याने जसेच्या तसे राहू दिले, त्यांच्यापासून तपासाला सुरुवात करावी लागते. म्हणून चाके काढून गाडी स्टँडवर चढवली आणि काम खालून सुरू झाले.

चासी हेराल्डची आहे हे लगेच कळले, पण ते कशावरून कळले हे सांगणे आवश्यक आहे, कारण इथेच पुष्कळ जण घसरतात. हेराल्डच्या पुढच्या चाकांना डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग असते, स्टीअरिंग रॅक-अँड-पिनियन असते, आणि खालच्या विशबोनपाशी अपराइट (चाकाचा हब धरणारा उभा भाग) पितळी ट्रनियनमध्ये (सांध्यात) आट्यांवर फिरतो. हे सारे या गाडीत होते. परंतु ट्रायम्फचे हेच अपराइट लोटससह अनेक छोट्या ब्रिटिश उत्पादकांनी आपापल्या स्पोर्ट्स कारमध्ये वापरले आहेत. तेव्हा पुढचा अपराइट ट्रायम्फचा निघाला म्हणजे गाडी ट्रायम्फची ठरली असे होत नाही. इंजिनाचेही तसेच आहे. केवळ इंजिनावरून निवाडा करायचा म्हटले तर जमिनीवर आणि पाण्यातही चालणारी जर्मन अँफिकारसुद्धा हेराल्ड ठरेल, कारण तिच्यात हेराल्डचेच 1147 सीसी इंजिन होते.

खरी ओळख पटते ती चासीच्या आराखड्यावरून. हेराल्ड आणि ट्रायम्फचीच दोन आसनी स्पोर्ट्स कार स्पिटफायर या बहिणी. दोघींच्या चासीला मधोमध जवळ येणाऱ्या दोन मुख्य तुळया, मागे चासीलाच जखडलेले डिफरन्शियल, त्याच्यावर आडवा पाटा (लीफ स्प्रिंग) आणि त्याला टांगलेले स्विंग ॲक्सल (चाकासोबत वर-खाली झुलणारे अर्धे ॲक्सल). फरक कडेला आहे. स्पिटफायरची चासी नुसत्या कण्यासारखी असते, तिला बाजूच्या तुळया नसतात, आणि मागच्या चाकांच्या रेडियस आर्म (चाकाला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या दांड्या) थेट बॉडीला जोडलेल्या असतात. हेराल्डच्या चासीला मात्र आउटरिगर (मुख्य तुळयांतून बाजूला निघालेले आडवे हात) आणि त्यांना जोडणाऱ्या बाजूच्या तुळया असतात, आणि रेडियस आर्म चासीवरच येऊन थांबतात. या गाडीला बाजूच्या तुळया होत्या, म्हणजे स्पिटफायर आणि तिच्यावर आधारलेल्या सर्व शक्यता गळाल्या.

हेराल्ड हौशी कारागिरांच्या इतकी पसंतीची का ठरली, याचे कारण कारखान्याच्या अडचणीत आहे. 1950च्या दशकात बहुतेक ब्रिटिश उत्पादक चासी आणि बॉडी एकसंध करण्याकडे वळले होते. ट्रायम्फ गाड्या बनवणाऱ्या स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी 1953 मध्ये प्रतिस्पर्धी बीएमसीच्या ताब्यात गेली, आणि नव्या गाडीसाठी एकसंध बॉडी घडवून देणारा कोणी उरला नाही. त्यामुळे 1959 मध्ये आलेल्या हेराल्डला जुन्या पद्धतीची स्वतंत्र चासी द्यावी लागली, आणि तिची जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी रेखलेली बॉडी बोल्टने जोडायच्या वेगवेगळ्या तुकड्यांत बनवावी लागली. (भारतात मद्रासला ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने बनलेली गाडी ती हीच.) परिणाम असा की गंजलेली हेराल्ड विकत घ्यावी, बॉडीचे बोल्ट सोडवून ती उचलून ठेवावी, आणि इंजिनासकट चालती चासी समोर मिळावी. एकसंध बॉडीच्या सलूनमध्ये असे करायला गेले तर हाती काहीच उरत नाही.

हेराल्डवर आधारलेल्या ज्ञात गाड्यांशीही तुलना केली, पण त्यात वेळ फारसा गेला नाही. बाँड एक्विप या गाडीने 1963 पासून हेराल्डची चासी वापरली खरी, पण तिने हेराल्डची दारे आणि पुढची काचही तशीच घेतली होती. इथे दोन्ही नव्हती. 1970च्या दशकातील स्पार्टन आणि जेंट्री या किट कार (सुट्या भागांच्या संचातून स्वतः जुळवायच्या गाड्या) सुट्या मडगार्डच्या, जुन्या एमजी धाटणीच्या. ही गाडी चाके पोटात घेणाऱ्या सलग बॉडीची होती.

यानंतर व्हीलबेस मोजला आणि प्रकरणाला वळण लागले. पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी 2286 मिलिमीटर भरले. हेराल्डचा व्हीलबेस 2324 मिलिमीटर, म्हणजे साडेएक्क्याण्णव इंच असतो, स्पिटफायरचा 2108. पुढची चाके सरळ नसतील किंवा मागचा पाटा बसलेला असेल तर पाच-सात मिलिमीटरचा फरक समजू शकतो. अडतीस मिलिमीटरचा, तोही दोन्ही बाजूंना सारखा फरक, मोजमापातील चूक म्हणून सोडता येत नाही. 2286 मिलिमीटर म्हणजे बरोबर 90 इंच, आणि 90 इंच हा जुन्या फोर्ड अँग्लिया आणि पॉप्युलर यांचा व्हीलबेस आहे.

खाली फोर्डचा एक नटही नव्हता. फोर्डच्या त्या गाड्यांना पुढेही सरळ ॲक्सल आणि आडवा पाटा असतो, इथे तसे काही नव्हते. तेव्हा मुख्य तुळयांवरचा अंडरसीलचा (गंजरोधक लेपाचा) जाड थर आसनांच्या खालच्या भागात खरवडून काढला. दोन्ही तुळयांवर एकाच रेषेत वेल्डिंगचा सांधा निघाला, आतल्या अंगाने मजबुतीसाठी पत्र्याची पट्टी जोडलेली, आणि तसाच सांधा बाजूच्या तुळयांवर. काम नीटस होते, पण कारखान्याचे नव्हते; वेल्डिंगची ओळ हाताने ओढल्यासारखी कमी-जास्त रुंदीची होती, आणि पट्टीच्या कडा घासून गोल केलेल्या होत्या. एकदा हे दिसल्यावर बाकीच्या खुणा आपोआप जुळत गेल्या. प्रोपेलर शाफ्टच्या नळीवर एका टोकाला वेल्डिंगचे कडे होते, म्हणजे तोही आखूड केलेला. हँडब्रेकच्या केबलचा ॲडजस्टर शेवटच्या आट्यापर्यंत फिरवून वर एक नळीचा तुकडा घातलेला होता, कारण केबल आता लांब पडत होती. मागे जाणारी ब्रेकची नळी मूळ लांबीचीच ठेवून, उरलेला भाग जिरवण्यासाठी तिला डिफरन्शियलच्या अलीकडे एक जादा वेटोळे दिलेले होते. दीड इंच कुठे गेला याचा हिशोब त्या वेटोळ्यात शिल्लक होता.

आता विचार करण्यासारखी गोष्ट अशी की चासीतून दीड इंच कोणी आणि का कापेल. गाडी लहान आणि चपळ करायची असती तर कापणाऱ्याने सहा-आठ इंच कापले असते. स्पिटफायर तशीच हेराल्डपेक्षा साडेआठ इंचांनी आखूड आहे. स्वतःच्या कल्पनेने बॉडी घडवायची असती तर चासी आहे तशी ठेवून चाकांच्या कमानी दीड इंच इकडेतिकडे करणे कितीतरी सोपे होते, कारण मातीचा किंवा लाकडाचा आकार बदलायला वेल्डिंग लागत नाही. चार ठिकाणी चासी कापून, शाफ्ट आखूड करून, पुन्हा सारे सरळ रेषेत जोडण्याचा खटाटोप माणूस तेव्हाच करतो, जेव्हा बॉडी आधीच तयार असते आणि तिच्यातील कमानींचे अंतर बदलता येत नाही. म्हणजे या गाडीत बॉडी आधी आली आणि चासी तिच्या मापाने बेतली गेली. आणि ती बॉडी 90 इंचांच्या फोर्डसाठी बनलेली होती. माझ्या मते या साऱ्या तपासातला सर्वांत वजनदार पुरावा हाच आहे, आणि तो मोजपट्टीने सापडला.

बॉडीची तपासणी या अनुमानाची परीक्षा म्हणून केली. फायबरग्लासची बॉडी दोन प्रकारे बनते. एकच नग हवा असेल तर कारागीर लाकूड, जाळी किंवा फोमचा आकार उभा करतो आणि त्याच्यावर बाहेरून मॅट (काचतंतूंची चटई) आणि रेझिन चढवतो. अशा बॉडीची बाहेरची बाजू खडबडीत निघते, ती पुट्टीचे थर देऊन आणि घासून गुळगुळीत करावी लागते, आणि आतल्या बाजूला मूळ आकाराचा ठसा किंवा अवशेष उरतात. अनेक नग काढायचे असतील तर आधी आकाराचा खोलगट साचा घेतात, साच्याच्या आत प्रथम जेलकोटचा रंगीत थर लावतात, आणि त्याच्या मागे मॅट बसवतात. ही बॉडी बाहेरून साच्याइतकी गुळगुळीत आणि आतून खरखरीत असते. या गाडीच्या मागच्या कमानीच्या कडेला एक कपचा उडालेला होता. त्या जागी वरून खाली लाल रंग, त्याखाली हिरवा रंग, त्याखाली प्रायमर आणि सर्वांत खाली मळकट पांढऱ्या जेलकोटचा सलग, एकसारख्या जाडीचा थर दिसत होता, पुट्टी नव्हती. डॅशबोर्डखाली हात घातला की मॅटचे धागे बोटांना टोचत होते. हेडलाइटच्या खोबणीत, जिथे कोणी घासत बसत नाही, साच्याचे दोन भाग जुळल्याची बारीक उंच रेघ तशीच राहिलेली होती.

म्हणजे बॉडी साच्यातून निघालेली, आणि साचा आहे म्हणजे अशा आणखी बॉड्या निघालेल्या. आतल्या बाजूला दोन लाकडी पट्ट्या रेझिनने चिकटवलेल्या होत्या, त्यांचे अंतर हेराल्डच्या तुळयांशी कुठेच जुळत नव्हते आणि त्यांना एकही बोल्ट कधी लागलेला नव्हता. त्या दुसऱ्याच चासीची वाट पाहत राहिल्या. दारांची गोष्ट मात्र वेगळी. त्या काळच्या कित्येक बॉड्या दारे न कापताच मिळत, आणि कापण्याचे काम घेणाऱ्याकडे असे. इथे डावे आणि उजवे दार एकमेकांशी जुळत नाही, कडा करवतीने कापून मागाहून घासलेल्या आहेत, आणि बिजागऱ्या घरी वाकवलेल्या पट्टीच्या आहेत. गाडीला ‘घरगुती’ म्हणायचे ते या दारांमुळे, वायरिंगमुळे आणि चासीतील सांध्यांमुळे, आकारामुळे नव्हे.

अशा बॉड्यांचा एक काळ होता. 1950च्या दशकात ब्रिटनमध्ये नव्या गाडीवर परचेस टॅक्स भारी होता, सुट्या भागांतून स्वतः जुळवलेल्या गाडीवर तो लागत नसे, आणि साइड-व्हॉल्व्हच्या 1172 सीसी इंजिनाची जुनी फोर्ड स्वस्तात मिळे. तिची बॉडी काढून टाकायची आणि तिच्यावर फायबरग्लासची स्पोर्ट्स बॉडी चढवायची, हा अनेकांचा हिवाळ्यातला उद्योग होता. ॲशली लॅमिनेट्स, फाल्कन शेल्स, रॉचडेल, मायक्रोप्लास अशा कंपन्या या बॉड्या विकत. पण 1958 मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइट आली, दुसऱ्या वर्षी मिनी आली, आणि मालकी हक्काची लहानशी मजेदार गाडी थेट दुकानातून घेणे अनेकांच्या आवाक्यात आले. मग ज्यांनी बॉडी घेऊन ठेवली होती पण काम सुरू केले नव्हते, त्यांच्या शेडमध्ये ती पडून राहिली. जुळणीवरची करसवलत 1973 च्या एप्रिलमध्ये परचेस टॅक्स जाऊन व्हॅट आला तेव्हा संपली.

आता कागदांकडे. हेराल्डचा कमिशन क्रमांक, म्हणजे कारखान्याने गाडीला दिलेला क्रमांक, फायरवॉलवर (इंजिन आणि आसनांमधल्या भिंतीवर) रिव्हेटने बसवलेल्या पट्टीवर असतो. बॉडी टाकून दिली की पट्टी एक तर तिच्याबरोबर जाते, नाहीतर बनवणारा ती काढून नव्या बॉडीवर ठोकतो. इथे ती फायबरग्लासवर पॉप रिव्हेटने लावलेली होती. तिच्यावर ‘जीए’ने सुरू होणारा आणि ‘डीएल’ने संपणारा क्रमांक होता, म्हणजे मूळ गाडी हेराल्ड 1200, सलून. पट्टीवरचा क्रमांक नोंदणीशी जुळत होता. यावरून एवढेच सिद्ध होते की बनवणाऱ्याकडे ती सलून होती. तिच्याखालची चासी त्याच गाडीची आहे हे पट्टी सांगू शकत नाही. ते सुचवणारा पुरावा वायरिंगमध्ये मिळाला. मूळ लूम (वायरींचा जुडगा) डॅशबोर्डपर्यंत अखंड होती, लुकासच्या ठरलेल्या रंगांत: बॅटरीची तपकिरी, इग्निशनची पांढरी, फ्यूजनंतरची हिरवी. तिच्यात छतावरच्या दिव्याची वायरसुद्धा गुंडाळून, टेप लावून ठेवलेली होती, जिथे छतच नाही. डॅशबोर्डच्या पुढे मात्र सगळे काम एकाच लाल वायरने केलेले होते, आणि पुढच्या कोणा मेकॅनिकने त्याबद्दल त्या माणसाची आठवण नक्कीच काढली असणार.

इंजिन वेगळ्या गाडीचे आहे. ब्लॉकवरचा क्रमांक ‘एफडी’ने सुरू होऊन ‘एचई’ने संपतो, म्हणजे ते 1967 पासून बनलेल्या स्पिटफायर मार्क 3 चे, 1296 सीसीचे, जास्त कॉम्प्रेशनचे. दोन एसयू कार्ब्युरेटर त्यावर जागच्या जागी आहेत. ट्रायम्फच्या या घराण्यातील 803 सीसीपासून 1296 सीसीपर्यंतच्या साऱ्या इंजिनांचा स्ट्रोक (पिस्टनच्या हालचालीची लांबी) 76 मिलिमीटरच आहे, बाहेरून ती सारखीच दिसतात, त्यामुळे क्रमांकावर न थांबता हेड काढलेले असताना बोर (सिलिंडरचा व्यास) मोजला, तो 73.7 मिलिमीटर भरला, म्हणजे क्रमांक आणि ब्लॉक एकमेकांशी प्रामाणिक आहेत.

तारखांसाठी लुकासच्या भागांवर ठोकलेले महिने आणि वर्षे उपयोगी पडली. वायपरची मोटर 1963 ची, ती मूळ सलूनची असावी. डिस्ट्रिब्यूटर 1968 चा, तो इंजिनाबरोबर आलेला. हॉर्न आणि हेडलाइटच्या वाट्या 1969 च्या, दोन्ही एकाच महिन्याच्या. जुन्या गाडीतून काढलेले भाग असे एका महिन्याचे निघत नाहीत, ते एकदमच नवे आणलेले दिसतात. म्हणून जुळणी 1969 च्या अखेरीस किंवा त्यानंतर लगेच झाली असे धरणे सयुक्तिक आहे. बॉडी तोवर दहाएक वर्षे कुठेतरी पडून असणार.

कारखान्याच्या नमुन्याची कथा यात टिकत नाही. ट्रायम्फला हेराल्डवरून स्पोर्ट्स कार काढायची होती, आणि तिने ती ‘बॉम्ब’ या सांकेतिक नावाने काढलीही. तिच्यासाठी स्वतंत्र आखूड चासी बनवली गेली आणि तीच 1962 मध्ये स्पिटफायर म्हणून विक्रीला आली. ज्या कंपनीकडे मिकेलोत्ती होते आणि 83 इंचांची चासी होती, तिने सलूनच्या चासीतून दीड इंच कापून बाजारातील फोर्डची बॉडी तिच्यावर चढवावी, तेही स्पिटफायर बाजारात येऊन सात वर्षे झाल्यावर, यात काहीच अर्थ लागत नाही. ते नातेवाईक ट्रायम्फमध्ये नोकरीला असतीलही. वेल्डिंग पाहता ते कुशल कामगार होते हे मी मान्य करतो. पण त्यांची नोकरी आणि गाडीचे मूळ या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

चासी कापलेली आहे हे नोंदणीच्या दृष्टीने लपवण्यासारखे नाही. ब्रिटनमध्ये वाहनांची नोंदणी करणाऱ्या डीव्हीएलएने मोठे बदल केलेल्या गाड्यांसाठी बरीच वर्षे गुणांची पद्धत वापरली, तिच्यात आठ गुण लागत आणि त्यांतले पाच एकट्या मूळ चासीचे असत. कापलेल्या चासीला ते मिळत नसत आणि गाडीला ‘क्यू’ने सुरू होणारा, मूळ किंवा वय नक्की नसलेल्या गाड्यांचा नंबर मिळण्याची शक्यता असे. ही गाडी त्या पद्धतीच्या कितीतरी आधी जुळवलेली आहे, आणि त्या काळचा पुरावा म्हणून लुकासच्या तारखांची छायाचित्रे आणि सांध्यांवर बसलेल्या जुन्या अंडरसीलचे नमुने मालकाने जपून ठेवावेत असा सल्ला दिला. कागदावरचे ‘दोन दारी सलून’ मात्र आता दुरुस्त करायला हवे, आणि त्यासोबत चासीतील बदलही स्वतःहून कळवायला हवा.

राहिला प्रश्न साचा कोणाचा. ॲशलीचे एक संस्थापक पीटर पेलँडाइन यांनी बाहेर पडून फाल्कन शेल्स काढली, त्यामुळे या दोन कंपन्यांचे आकार एकमेकांच्या फार जवळ जातात आणि छायाचित्रावरून निवाडा करणे धोक्याचे आहे. शिवाय तयार बॉडीवरून साचा घेऊन नक्कल काढणे अवघड नव्हते. रेझिन घट्ट होताना किंचित आकसते, म्हणून नक्कल मूळ बॉडीपेक्षा थोडी लहान निघते. तेव्हा हेडलाइटच्या मध्यांमधील अंतर, बॉनेटच्या उघड्या भागाची कर्णरेषा आणि कमानींची उंची ही मापे खात्रीच्या मूळ बॉड्यांवर घेऊन ताडून पाहणे हाच मार्ग आहे. ती मापे या गाडीवर घेऊन ठेवली आहेत. तोवर मालकाच्या फाइलमध्ये नोंद अशी आहे: 1950च्या दशकाच्या उत्तरार्धातील, 90 इंच व्हीलबेसच्या फोर्डसाठी साच्यातून काढलेली फायबरग्लास बॉडी, आखूड केलेली हेराल्ड 1200 ची चासी, स्पिटफायर मार्क 3 चे इंजिन, खासगी जुळणी, 1969 किंवा त्यानंतर लगेच. नाकावरचा बिल्ला कशाचाच नाही, तो काढायचा की ठेवायचा हे मालकाने ठरवायचे आहे.